रेकॉर्डिंग घरात, किल्ली कंपनीकडे

23 ऑगस्ट 2023, सायंकाळी 6 वाजून 4 मिनिटे. चांद्रयान-3 चा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरला आणि बंगळूरमधील इस्ट्रॅक केंद्रातील टाळ्यांचा कडकडाट देशभरातील घरांत ऐकू आला. त्याच शहराच्या आग्नेय टोकाला, होसूर रस्त्यालगतच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत, ती वेळ दुसऱ्या पाळीची होती. औषधनिर्मितीचे कारखाने, यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या शेड, मोठी रुग्णालये. येथील काम घड्याळ पाहून थांबत नाही. कन्नड, तमिळ, तेलुगू भाषकांच्या बरोबरीने सोलापूर-सांगलीकडून आणि बेळगाव-निपाणीकडून आलेली मराठी माणसेही येथे राबतात. देश दूरचित्रवाणीसमोर खिळला होता, त्या क्षणी त्यांतील पुष्कळांच्या पुढ्यात यंत्राचा किंवा रुग्णाच्या खाटेशेजारचा पडदा होता.

‘विक्रम’ उतरतानाचे दृश्य नंतर पाहता आले. ते इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर आहे. परंतु त्या संध्याकाळी निरनिराळ्या वाहिन्यांवर शास्त्रज्ञांनी केलेली विवेचने, शाळांच्या सभागृहांतून दाखवलेली मुलांची उत्सुकता, वार्ताहरांनी मराठीत समजावून सांगितलेले उतरण्याचे टप्पे, यांतील काय टिकले आणि काय वाहून गेले, हे प्रेक्षकाने ठरवलेले नाही. ते ठरवले वाहिन्यांनी, त्यांच्या सोयीने.

हा निर्णय प्रेक्षकाच्या हाती देणारे यंत्र म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर. उपग्रहावरून आलेला कार्यक्रम सेट-टॉप बॉक्समधील डिस्कवर साठवायचा आणि पाळी सुटल्यावर, सुटीच्या दिवशी किंवा पुढच्या वर्षी पाहायचा. भारतातील डीटीएच ग्राहकांना ही सोय 2008 मध्ये टाटा स्कायच्या ‘प्लस’ बॉक्सने परिचित करून दिली. आता बॉक्स पुन्हा एकदा बदलण्याच्या टप्प्यावर आहेत. काही बॉक्स अँड्रॉइडवर चालतात आणि डिशबरोबर इंटरनेटही घेतात. उपग्रहाचा ट्यूनर दूरचित्रवाणी संचातच बसवण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस 18112:2022 हे मानक तयार केले आहे. साहजिकच पुढचा रेकॉर्डर कसा असेल, याची उत्सुकता आहे. डिस्क किती मोठी, एका वेळी किती वाहिन्या टिपता येणार, 4के चित्र मिळणार का, असे प्रश्न विचारले जातात. ते योग्यच आहेत. मात्र त्यांच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जे रेकॉर्ड होईल, ते कोणाचे असेल?

आकाशातून सर्वांना सारखेच

उपग्रह प्रसारणाचे एक वैशिष्ट्य परमुलखात राहणाऱ्या माणसाला चटकन जाणवते. केबलचालक आपल्या भागातील बहुसंख्यांची आवड पाहून वाहिन्या निवडतो. उपग्रहाला असा भाग नसतो. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असलेला उपग्रह संपूर्ण भारतावर एकच झोत टाकतो. 83 अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहाकडे पाहणारी डिश पुण्यात क्षितिजापासून सुमारे 66 अंश वर रोखावी लागते, तर बोम्मसंद्रात सुमारे 74 अंश. मराठी वाहिनीच्या दृष्टीने पुणे आणि बोम्मसंद्रा यांत फरक आहे तो या आठ अंशांचा.

या व्यवस्थेचा मोठा भाग बंगळूर आणि त्याच्या परिसरातच घडतो. 23 जून 2022 रोजी, भारतीय वेळेनुसार पहाटे, फ्रेंच गयानातील कूरू येथून एरियान-5 ने जीसॅट-24 हा 4,180 किलोग्रॅम वजनाचा उपग्रह अवकाशात नेला. तो इस्रोने घडवला, त्याची सूत्रे हासन येथील मुख्य नियंत्रण केंद्राने हाती घेतली आणि न्यूस्पेस इंडिया या बंगळूरस्थित सरकारी कंपनीने त्यावरील सर्व 24 केयू-बँड ट्रान्सपाँडर टाटा प्लेला भाड्याने दिले. सेट-टॉप बॉक्समधील सॉफ्टवेअर आणि कुलूपबंदीची तंत्रे यांवर काम करणारे अभियंतेही याच शहरात आहेत. म्हणजे पुढचा रेकॉर्डर कसा असावा, हा प्रश्न बोम्मसंद्राला केवळ ग्राहक म्हणून पडत नाही. उत्तर लिहिणाऱ्यांपैकी काही जण मेट्रोने दोन-चार स्थानके अलीकडे उतरत असतील.

बॉक्समध्ये नेमके काय साठते

जुना व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर पडद्यावर येणारे चित्र टिपत असे आणि प्रत्येक प्रतीबरोबर ते थोडे फिकट होत जाई. उपग्रह वाहिनीचा डिजिटल रेकॉर्डर चित्र टिपतच नाही. प्रक्षेपण केंद्राने चित्र आधीच आकड्यांत बदलून, दाबून, 188 बाइटच्या छोट्या पाकिटांत भरून पाठवलेले असते. बॉक्स ती पाकिटे जशीच्या तशी डिस्कवर ठेवतो. त्यामुळे थेट पाहिलेल्या आणि रेकॉर्ड केलेल्या चित्रात गुणवत्तेचा काहीही फरक नसतो, आणि बॉक्सला फारसे गणितही करावे लागत नाही.

किती मावते, हा हिशेब कोणत्याही विद्यार्थ्याला करता येईल. एचडी वाहिनी सेकंदाला 8 मेगाबिट घेते असे धरले, तर ते 1 मेगाबाइट झाले, तासाला 3.6 गिगाबाइट. 500 गिगाबाइटच्या डिस्कवर सुमारे 139 तास. साध्या वाहिनीला सेकंदाला 2 मेगाबिट पुरत असतील, तर त्याच्या चौपट, सुमारे 555 तास. साठवण आता इतकी स्वस्त आहे की, एका घराची दहा वर्षांची आवडनिवड तळहाताएवढ्या डिस्कवर राहू शकते.

निदान गणिताप्रमाणे. प्रत्यक्षात ती तशी राहत नाही, कारण पाकिटांबरोबर कुलूपही येते.

सशुल्क वाहिन्यांची पाकिटे कूटबद्ध असतात. ती उघडणारी किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि ग्राहकाचे वर्गणीपत्र म्हणजे स्मार्ट कार्ड, अथवा बॉक्समध्येच बसवलेली सुरक्षा चिप, ती किल्ली सोडवत जाते. थेट पाहण्यापुरते हे समजण्यासारखे आहे: ज्याने पैसे भरले, त्याने पाहावे. परंतु रेकॉर्डिंग डिस्कवर जाते तेही कूटबद्ध स्वरूपात, आणि तिथे त्याची किल्ली बहुधा त्या एकाच बॉक्सशी बांधलेली असते. काही सेवांनी ग्राहकाच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडलेल्या डिस्कवर रेकॉर्डिंगची मुभा दिली. ती डिस्क संगणकाला जोडली, तर हाती निरर्थक आकडे येतात. शेजारच्या घरातील त्याच कंपनीच्या बॉक्सला जोडली, तरीही तेच.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सह्याद्री वाहिनीवरील ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमात सांगली जिल्ह्यातील एखाद्या द्राक्षबागायतदाराची मुलाखत झाली, असे समजू. बोम्मसंद्रात नोकरी करणाऱ्या त्याच्या नातीने आपल्या सशुल्क सेवेच्या बॉक्सवर ती रेकॉर्ड केली. आजोबा गेले. चार वर्षांनी विजेच्या लपंडावात बॉक्स जळाला. कंपनीने तत्परतेने नवा दिला आणि जुना परत नेला. नव्या बॉक्समध्ये सर्व वाहिन्या आहेत. आजोबा नाहीत. तक्रार करायला जागाही नाही, कारण करारानुसार सेवा अखंड चालू आहे.

कायदा देतो, बॉक्स काढून घेतो

येथे कुणालाही वाटेल की, स्वामित्व हक्काचा कायदाच असा असणार. वस्तुस्थिती उलट आहे. स्वामित्व हक्क अधिनियम, 1957 च्या कलम 39 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, अथवा केवळ खऱ्याखुऱ्या अध्यापनासाठी वा संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण किंवा दृश्यमुद्रण हा प्रसारण संस्थेच्या हक्काचा भंग ठरत नाही. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65-अ तांत्रिक कुलपे तोडणे दंडनीय ठरवते. परंतु तेही हक्कभंगाच्या हेतूने तोडली तर. अधिनियमाने ज्याला मनाई केलेली नाही, अशा हेतूसाठी केलेली कृती त्या कलमातून वगळलेली आहे.

म्हणजे नातीने केलेले रेकॉर्डिंग कायद्याला मान्य आहे. ते दुसऱ्या डिस्कवर हलवून जपणेही खासगी उपयोगच आहे. अडचण इतकीच की, बॉक्सला कलम 39 ठाऊक नाही. खासगी उपयोग आणि चोरटी विक्री यांत न्यायाधीश भेद करू शकतो. कुलूप करू शकत नाही, किंवा त्याला तसे शिकवलेले नाही.

प्रसारणावरील हक्काची मुदत कायद्याने 25 वर्षे ठेवली आहे, ज्या वर्षी प्रसारण झाले त्याच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून. 2008 मध्ये टाटा स्काय प्लसवर टिपलेल्या एखाद्या चर्चेच्या प्रसारणावरील हक्क 2033 च्या अखेरीस संपेल. (कार्यक्रमातील चित्रपट, गाणी वा संहिता यांचे हक्क वेगळे आणि अधिक काळाचे.) कायद्याचे कुलूप त्या दिवशी गळून पडेल, डिस्कवरचे मात्र तसेच राहील, आणि तोपर्यंत ते उघडणारा बॉक्स भंगारात गेलेला असेल. ज्या कुलपाला मुदतच नाही, ते कायद्याने दिलेल्या हक्कापेक्षा जास्त हक्क बजावते.

2001 चे अपुरे वचन

ग्राहक एका कंपनीच्या बॉक्सला जखडला जाऊ नये, हा विचार नवा नाही. 15 मार्च 2001 रोजी केंद्र सरकारने डीटीएच सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हाच सेट-टॉप बॉक्सची रचना खुली असावी आणि तो निरनिराळ्या कंपन्यांच्या सेवांशी जुळावा, अशी अट घातली होती. पुढे मानक एमपीईजी-2 या संकोचन पद्धतीसाठी ठरले आणि कंपन्या एमपीईजी-4 कडे गेल्या. बॉक्सला खाच राहिली, पण तिच्यात बसवायचा भाग सामान्य ग्राहकाच्या हाती आला नाही. एप्रिल 2020 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, पुन्हा शिफारस केली: सर्व बॉक्स खुले असावेत आणि कंपनीचे कुलूप यूएसबीतून जोडता येणाऱ्या छोट्या भागात वेगळे काढावे. त्यासाठी डीव्हीबी सीआय प्लस 2.0 हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे. वचन आणि व्यवहार यांतील अंतर मात्र अजून मिटलेले नाही.

यात एक विरोधाभास आहे. डीडी फ्री डिशसाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक साध्या बॉक्समध्ये यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असते, आणि ज्या वाहिन्या कूटबद्ध नाहीत त्यांचे रेकॉर्डिंग संगणकावर सरळ उघडता येते. दरमहा वर्गणी भरणाऱ्याला जे मिळत नाही, ते मासिक शुल्क न भरणाऱ्याला सहज मिळते. अडचण यंत्रविद्येची नाही, इतके यावरून सिद्ध व्हावे.

जपले कोणी?

खासगी रेकॉर्डिंगला छंद म्हणून हसण्यापूर्वी दूरचित्रवाणीचा इतिहास पाहावा. चित्रफिती महाग होत्या त्या काळात जगभरच्या वाहिन्या जुन्या कार्यक्रमांवरच नवे टिपत असत. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे 1960 च्या दशकातील 90 हून अधिक भाग असे नाहीसे झाले. त्यांचा ध्वनी आज ऐकता येतो, तो घरोघरच्या प्रेक्षकांनी त्या वेळी टेपरेकॉर्डरवर करून ठेवलेल्या प्रतींमुळे. अमेरिकेतील फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स या माजी ग्रंथपाल बाईंनी 1979 पासून 2012 मध्ये मृत्यू होईपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्या अहोरात्र टिपल्या. सुमारे 70,000 कॅसेट मागे राहिल्या आणि त्या पुढे ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेने जतनासाठी घेतल्या. कॅसेटवर कुलूप नव्हते, म्हणून हे शक्य झाले. हाच उद्योग कुणी आजच्या सशुल्क डीटीएच बॉक्सवर केला असता, तर बाईंच्या पश्चात संस्थेच्या हाती केवळ बंद डिस्क आल्या असत्या.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. तेव्हापासून मराठीत विज्ञानावर, शेतीवर, साहित्यावर, आरोग्यावर जे बोलले गेले, त्याचा पूर्ण संग्रह एखाद्या कपाटात सुरक्षित असेल, या भरवशावर कोणतीही भाषा राहू शकत नाही. मोठ्या भाषांचे जतन बाजार करतो, कारण जुन्या मालालाही गिऱ्हाईक असते. मध्यम आकाराच्या भाषांचे जतन पुष्कळदा हौशी माणसे करतात. त्या माणसांच्या हातातील साधन काढून घेणे म्हणजे पुढच्या पिढीच्या संशोधकाची सामग्री आजच नष्ट करणे होय.

आता रेकॉर्डर हवाच कशाला?

या सर्वांवर एक वाजवी आक्षेप आहे. ओटीटीच्या काळात रेकॉर्डरची वाट पाहणे म्हणजे गेलेल्या आगगाडीसाठी फलाटावर उभे राहणे नव्हे काय? अमेरिकेत असे घडलेले आहे. सप्टेंबर 2008 मध्ये टिवो आणि डायरेक्टटीव्ही या कंपन्यांनी उपग्रह ग्राहकांसाठी नवा एचडी रेकॉर्डर 2009 च्या उत्तरार्धात येईल, असे जाहीर केले. चाहते थांबले. रेकॉर्डर आला डिसेंबर 2011 मध्ये. तोवर पाहण्याच्या सवयी पुढे निघून गेल्या होत्या. भारतातही सशुल्क डीटीएचची सक्रिय ग्राहकसंख्या एके काळी 7 कोटींच्या वर होती, ती 2025 मध्ये 6 कोटींच्या खाली आली आहे.

आक्षेप खरा असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष घाईचा आहे. पहिली गोष्ट, ओटीटीवरील यादी दर महिन्याला बदलते; आज असलेला कार्यक्रम उद्या करार संपला की दिसत नाही. बातम्या, चर्चा, प्रादेशिक वृत्तांत यांचा तर तेथे अल्पांशच पोहोचतो. दुसरी गोष्ट भौतिकशास्त्राची आहे, आणि ती विज्ञानवाचकांनी तरी विसरू नये. 1 कोटी घरांना सेकंदाला 5 मेगाबिट वेगाने एकच कार्यक्रम इंटरनेटवरून वेगवेगळा पाठवायचा, तर एकूण वहन सेकंदाला 50 टेराबिट होते. वाटेत ठिकठिकाणी प्रती ठेवल्या, तरी शेवटच्या टप्प्यात प्रत्येक घरासाठी स्वतंत्र प्रवाह लागतोच. उपग्रहाला तेच काम 5 मेगाबिटमध्ये होते, घरे 1 असोत की 5 कोटी. त्याची वीज सौरपट्ट्यांवर तयार होते आणि प्रेक्षक वाढले म्हणून ती एका वॅटनेही जास्त लागत नाही. प्रसारणात एकच उणीव होती, ती म्हणजे वेळ दुसरा ठरवतो. घरातला रेकॉर्डर नेमकी तीच भरून काढतो. एकदा प्रसारित करावे, घरोघरी साठवावे, हवे तेव्हा पाहावे. अनेकांना एकच गोष्ट पोहोचवायची असेल, तर याहून काटकसरीची पद्धत सापडणे कठीण आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात ही उणीव किती महाग पडते, हे ‘स्वयंप्रभा’च्या रचनेत दिसते. 2017 पासून उपग्रहावरून मोफत चालणाऱ्या या शैक्षणिक वाहिन्यांची योजनाच अशी आहे की, दररोज किमान 4 तासांचा नवा पाठ द्यायचा आणि तोच दिवसभरात आणखी पाच वेळा दाखवायचा, म्हणजे विद्यार्थ्याला सोयीची वेळ निवडता येईल. हेतू उत्तम आहे. पण 24 तासांपैकी 20 तास पुनरावृत्तीत जातात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी साधा, खुला रेकॉर्डर असता, तर त्याच ट्रान्सपाँडरवरून सहापट शिकवता आले असते. मराठीतून भौतिकशास्त्राच्या पाठांना जागा नाही, असे म्हणण्याची वेळच आली नसती.

चोरीची भीती

वाहिन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. कुलूप काढले, तर क्रिकेटचा सामना आणि नवा चित्रपट तासाभरात चोरट्या संकेतस्थळांवर जाईल, ही त्यांची भीती निराधार नाही. कार्यक्रमावर शेकडो माणसांचे पोट असते. परंतु सराईत चोर आजही घरगुती रेकॉर्डरच्या कुलपाने अडलेला दिसत नाही. अडते ती वर्गणी भरणारी नात.

अशी भीती पूर्वीही होती. सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरविरुद्ध हॉलीवूडचे स्टुडिओ न्यायालयात गेले. 1984 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला की, घरी वेळ बदलून पाहण्यासाठी केलेले रेकॉर्डिंग हा उचित वापर आहे. त्यानंतर चित्रपट उद्योग बुडाला नाही. कॅसेटची विक्री आणि भाड्याचा व्यवसाय हीच त्याची मोठी मिळकत बनली.

चोरीवर तांत्रिक तोडगाही आहे. रेकॉर्डिंग बाहेर काढताना त्याच्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी ग्राहकाची खूण मिसळता येते. प्रत घरात राहिली तर खुणेचा कुणाला उपद्रव नाही. बाजारात आली तर ती कोठून निघाली हे कळते. प्रत्येकाला आधीच चोर समजून दार बंद करण्यापेक्षा, चोरी झाल्यावर चोर शोधणारी ही व्यवस्था कायद्याच्या भावनेशी अधिक जुळते.

नव्या रेकॉर्डरकडून अपेक्षा

म्हणून पुढच्या बॉक्सची जाहिरात येईल तेव्हा डिस्कच्या आकाराआधी पाच गोष्टी पाहाव्यात.

एक, बॉक्स बदलला तरी जुनी रेकॉर्डिंग नव्यावर चालली पाहिजेत, आणि वर्गणी थांबवली तरी आधी टिपलेले पाहता आले पाहिजे.

दोन, खासगी उपयोगासाठी रेकॉर्डिंग आपल्या डिस्कवर वाचनीय स्वरूपात काढता आले पाहिजे. खूण मिसळायची असेल तर मिसळावी.

तीन, शैक्षणिक आणि निःशुल्क वाहिन्यांच्या रेकॉर्डिंगवर कसलेही कुलूप नसावे. जे सर्वांसाठी मोफत प्रसारित झाले, ते साठवताना बंद करण्याला कोणतेही समर्थन नाही.

चार, पावसाने पाडलेली भोके बॉक्सने स्वतः बुजवावीत. केयू-बँडची तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात. बंगळूरच्या वळिवाच्या सरीत डिजिटल चित्र हळूहळू फिके होत नाही. ते ठीक असते, आणि मग एकाएकी नसते. प्रत्येक वाहिनीच्या पाकिटांवर 0 ते 15 असा फिरता क्रमांक असतो, त्यामुळे मधली पाकिटे हरवली हे बॉक्सला कळते. बॉक्सला इंटरनेटही जोडलेले असेल, तर हरवलेली मिनिटे रात्री मागवून जागच्या जागी बसवता येतील. संपूर्ण कार्यक्रम पुन्हा उतरवण्याची गरज नाही.

पाच, न वापरता तो झोपला पाहिजे. सतत जागा राहून 20 वॅट घेणारा बॉक्स वर्षाला सुमारे 175 युनिट वीज खातो. रेकॉर्डिंगच्या वेळेआधी मिनिटभर जागे होणे कोणत्याही घड्याळाला जमते.

यांतील एकाही अपेक्षेसाठी नवा शोध लागायचा नाही. पहिल्या तीन कराराच्या आणि धोरणाच्या आहेत, शेवटच्या दोन अभियांत्रिकीच्या.

ट्राय एखाद्या विषयावर सल्लामसलतीचा मसुदा काढते, तेव्हा कंपन्यांबरोबर सामान्य नागरिकालाही लेखी मत कळवता येते. कंपन्या ते नेमाने कळवतात. विद्यार्थी आणि शिक्षक क्वचितच. सेट-टॉप बॉक्सवरचा पुढचा मसुदा येईल तेव्हा कलम 39 चा उल्लेख करून दोन परिच्छेद लिहायला अर्धा तास पुरेल. तोपर्यंत ज्यांच्या घरी रेकॉर्डर आहे, त्यांनी एक प्रयोग करावा: एखादे जुने, जिव्हाळ्याचे रेकॉर्डिंग निवडावे आणि ते बॉक्सबाहेर काढता येते का, हे पाहावे. आले नाही, तर पडद्यावरून साध्या मोबाइलने का होईना, त्याची प्रत आजच करून ठेवावी. चित्र हलेल, आवाज घुमेल, पण बॉक्स जळेल त्या दिवशी तीच एक प्रत उरलेली असेल.